पोरं मेस दारातच ठरवतात. नाकाचं आणि मनाचं नेमकं काय नातं आहे?

मेसवाली मावशी (लातूर), रात्री 9:42

रामराम मंडळी. लातुरात शिकवण्यांच्या भागात माझी मेस आहे. नीट-जेईईची पोरं, दोन वेळच्या पंगती, शिवाय रूमवर डबे. जून-जुलैत नवीन पोरं आईबापाला घेऊन मेस बघायला येतात. बाप दर विचारतो, आई आत डोकावून भांडी बघते, आणि पोरगं दारातच उभं राहून नाक वर करतं. निकाल तिथंच लागतो. भाजी चाखायची वेळच येत नाही. मग आई म्हणते, "आमच्याकडं जरा कमी तिखट लागतंय", बाप म्हणतो, "रूमपासून लांब पडायलंय." ही कारणं मागून येतात.

कांद्या-लसणाची फोडणी आणि पोरं यायची वेळ जुळली की नावं जास्त लागतात, हे तर मला पाठच झालंय. अंबाडी शिजत असली की कमी.

पण विचारायचंय ते वेगळंच. गेल्या आठवड्यात येसर (आमचा मराठवाड्याचा घरचा मसाला) घालून आमटी केली होती. आमच्या भागातली पोरं मुकाट जेवली, वर भात मागून घेतला. आमच्याच जिल्ह्यातल्या औराद शहाजानीकडची एक पोरगी ताटावर बसून रडायला लागली. विचारलं तर म्हणे, "काही नाही मावशी, तिखट लागलं." आमटी तिखट नव्हती. त्याच पंगतीत रत्नागिरीचा एक पोरगा मला म्हणतो, "मावशी, डाळ खाली लागली का?"

पातेलं एकच. तिला रडू आलं, ह्याला करपट लागलं. असं कामून व्हायलंय? जाणकारांनी सांगावं. येसरची कृती विचारू नका, तिचा वेगळा धागा काढते.

*

पुण्यातला निलंगेकर, रात्री 9:58

त्या पोरीची बाजू मी घेतो. पुण्यात दरवर्षी येळवसीला (वेळा अमावस्या, आमच्याकडचा शेतात जेवायचा सण) बायको भज्जी, आंबिल, उंडे सगळं साग्रसंगीत करते. चव जमते, पण पोट भरल्यासारखं वाटत नाही. कडब्याची कोप (झोपडी) नाही, हरभऱ्याचं ओलं रान नाही. गॅसवरच्या आंबिलीला धुराचा वास आणायचा कुठून?

*

नाककानघसा (नांदेड), रात्री 10:31

मावशी, प्रश्न फर्मास आहे. आधी एक प्रयोग करा, सामान तुमच्या गल्ल्याजवळच असेल. नाक चिमटीत घट्ट धरा आणि बडीशेप-खडीसाखर तोंडात टाकून चावा. फक्त गोड लागेल. आता नाक सोडा. बडीशेप त्या क्षणी 'येते'. म्हणजे ती जिभेवर नव्हतीच. घशाच्या मागून नाकात जाणारा वास आपण चव म्हणून खात असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. (उमामी 1908 साली जपानमध्ये इकेदा यांनी वेगळी काढली.) तिखट ही तर चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, मेंदूला वाटतं भाजलं. हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे मज्जातंतूवरचं ते टिपणारं प्रथिन) शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग नाही, ताक-दही प्या, हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता रडण्याचं. डोळ्यांचं, कानांचं, त्वचेचं सगळं टपाल मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या टपालघरातून पुढं वाटलं जातं. वासाचं टपाल तिथं थांबत नाही. नाकाच्या छतातून ते थेट मेंदूच्या त्या भागांत जातं जिथं भीती, ओढ, किळस ठरते आणि आठवण साठते. त्यामुळं आधी गलबलून येतं, आणि हा वास कशाचा ते नंतर आठवतं. कधीकधी आठवतच नाही. त्या मुलीला 'आईची आठवण आली' हे स्वतःलाही लगेच कळलं नसेल. तिखट लागलं हे तिनं तुम्हाला दिलेलं कारण, आणि स्वतःलाही.

वासाचे ग्राहक माणसात सुमारे 400 प्रकारचे असतात. त्यांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली, 2004 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हा संच प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो. तेव्हा एका पातेल्यातली आमटी दोन नाकांना तंतोतंत सारखी लागेल असं धरून चालता येत नाही.

*

अन्नतंत्र (परभणी), रात्री 10:50

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्याला आमच्या भागातला पुरावा. लातूर जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, वासासाठीच तिचं नाव आहे. आणि जगात असेही लोक आहेत ज्यांना कोथिंबीर साबणासारखी लागते. त्याचा संबंध एका वास-ग्राहकाच्या जनुकाशी सापडलाय.

पण रत्नागिरीच्या पोराचं मला वेगळं वाटतं. येसरमध्ये गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खडा मसाला खमंग भाजून दळतात. धान्य भाजताना त्यातली साखर आणि प्रथिनांचे घटक एकत्र येऊन शेकडो नवे गंध तयार होतात. भाकरीच्या पापुद्र्यावरच्या तपकिरी ठिपक्यांचा वास तोच. खमंग आणि करपट एकाच वाटेवर आहेत, करपट जरा पुढच्या गावाला. ओल्या नारळाच्या वाटणावर वाढलेल्या पोराला डाळीत भाजल्या धान्याचा वास आला तर तो दुसरा काय अर्थ लावणार? नाक त्याचं बरोबर होतं, त्याच्या घरच्या हिशेबानं.

हा हिशेब किती लवकर सुरू होतो बघा. 2001 मध्ये अमेरिकेत ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला. काही मातांना गरोदरपणात, काहींना अंगावर पाजत असताना नियमित गाजराचा रस दिला, काहींना नुसतं पाणी. पुढं वरचं अन्न सुरू झाल्यावर गाजराची पेज देताना रसवाल्यांच्या बाळांनी तोंडं कमी वाकडी केली. आमच्याकडं बाळंतिणीला लसूण, शेपू, ओवा खाऊ घालतात ते दुधासाठी म्हणून. पण बाळाची पहिली शिकवणी तिथंच लागते.

*

अडत्या, रात्री 11:15

आमच्या धंद्यातलं सांगतो. बाजार समितीत सोयाबीनचा ढीग पडला की खरेदीदार कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढतो. आधी नाकाला लावतो, मग दोन दाणे दाढेखाली. कट् आवाज झाला तर वाळलेलं, दबला तर ओलं. मशीन आहे की! हमीभावाच्या खरेदीला ओलावा 12 टक्के लागतो, 2024 ला तो 15 पर्यंत चालवून घेतला. पण मशीन आकडा सांगतंय, कुबटपणा सांगत नाही. दिवाळीच्या आसपास पावसात भिजून गरम झालेला माल वरून कितीबी वाळवा, मुठीतल्या उबेनं वास सुटतोच.

आता खरी गंमत. मुरलेला खरेदीदार चांगल्या मालालाबी नाक मुरडतो. बोलत काहीच नाही. मूठ नाकाला लावायची, भुवई आत घ्यायची आणि दाणे परत ढिगावर टाकून द्यायचे. शेतकरी त्याच्या तोंडाकडं बघत असतो. काल घरी स्वतःच्या नाकानं चांगला वाटलेला माल त्याला तिथंच वाईट वाटायला लागतो, आणि तोच म्हणतो, "बरं, पन्नास कमी करा." हे मी उभ्या जन्मात किती वेळा बघितलंय!

*

शंकासुर, रात्री 11:40

अडत्याशेठ, तुमचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात कामाचा. नाक मुरडण्याचा चेहरा जगभर ओळखता येतो आणि तो संसर्गजन्य असतो. नाहीतर अशा धाग्यात लवकरच कुणीतरी येऊन सांगतं, 'लव्हेंडर लावा, गिऱ्हाईक दुप्पट होईल.' म्हणून आधीच पाणी ओततो.

2011 मध्ये एक प्रयोग खूप गाजला. कडू पेय प्यायलेल्या लोकांनी दुसऱ्यांच्या चुकांचा जास्त कडक न्याय केला. वर्तमानपत्रांना आवडणारच. 2020 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला, परिणाम दिसला नाही. पाडव्याला कडुनिंब-गूळ खाल्ल्यावर आपण कधी शेजाऱ्याशी भांडलो नाही, हे त्यांना आधी विचारता आलं असतं. नेदरलँड्समधला 2005 चा लिंबाच्या वासाच्या फिनाइलचा प्रयोग असाच गाजलेला. वास असलेल्या खोलीत बसल्यावर लोक बिस्किटाचा चुरा टेबलावरून जास्त झाडतात म्हणे. छोटा प्रयोग. त्यावर दुकान सजवू नये.

वास म्हणजे बटण नाही. ज्यानं ज्या प्रसंगात जो वास घेतलाय, त्यावर सगळं.

*

औसेकर काका, सकाळी 6:20

शंकासुर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं. एरवी मी वाचनमात्र असतो.

पहिल्या पावसात मातीचा वास आला की लोक हरखतात, अत्तरंही निघतात त्याची. मी घरात जाऊन खिडक्या लावतो. 30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली. आम्ही तरुण पोरं औशाहून ट्रॅक्टरनं गेलो. त्या गावांतली घरं दगड-मातीची, वर जाड मातीचं माळवद. भिंती आत कोसळल्या आणि ती सगळी माती माणसांवर आली. त्यात पाऊस लागला. पिढ्यान्‌पिढ्यांची ती पांढरी माती भिजल्यावर जो वास सुटला, त्याच्यात ब्लीचिंग पावडर, आणि बाकी काय होतं ते लिहीत नाही.

एवढी वर्षं झाली. नवीन गावं वसली, मी नोकरी करून निवृत्त झालो. नातवाच्या शाळेत संडास धुवायला ब्लीचिंग टाकलं होतं, मी पालकसभा अर्धी सोडून रस्त्यावर येऊन उभा राहिलो. सुनेला वाटलं मला राग आला. भूकंपावर बोलायला मला काही होत नाही, फोटो बघतो, आकडे सांगतो. वास आला की मात्र पाय आपोआप बाहेर निघतात.

*

नाककानघसा (नांदेड), सकाळी 8:05

काका, लिहिलंत ते बरं केलंत. फोटो चालतात आणि वास चालत नाही, हे अगदी बरोबर निरीक्षण आहे. आपत्तीतून गेलेल्या अनेकांमध्ये हे दिसतं. भिजलेल्या मातीच्या वासात जिओस्मिन नावाचं द्रव्य असतं, जमिनीतले सूक्ष्मजीव ते बनवतात. माणसाचं नाक त्याला विलक्षण तीक्ष्ण आहे, पाण्यात लाख कोटी भागांत काही मोजके भाग असले तरी ओळखतं. निलंगेकरांना ते शेत आहे, तुम्हाला ती पहाट. द्रव्य तेच. त्रास वाढत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. अशा आठवणींवर उपचार आहेत आणि इतक्या वर्षांनीही ते लागू पडतात.

*

बालाघाटची लेक, सकाळी 11:30

रात्रभर लिहू की नको करत होते.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की गाडी भरायची, पश्चिम महाराष्ट्रातला कारखाना, फडाच्या कडेला पाचटाची कोप. आई पहाटेच चूल पेटवायची, ओल्या सरपणाचा धूर कोपीत कोंडायचा. कपडे एकच खुंटीवर. मी तिथल्या गावच्या शाळेत जायचे. एके दिवशी बाईंनी मला मधल्या बाकावरून उठवून दाराजवळ बसवलं. पोरींना म्हणाल्या, "हवा लागू द्या." मला काहीच वास येत नव्हता. मी दप्तराला, बाहीला नाक लावून बघितलं. खरंच काही येत नव्हतं.

त्या दिवसापासून यायला लागला.

आज मी नोकरी करते, संभाजीनगरात फ्लॅट आहे. हुरडा पार्टीला गोवरीचा धूर अंगाला लागला की मैत्रिणी म्हणतात, काय मस्त गावाकडचा वास! मी घरी येऊन दोनदा आंघोळ करते. आणि त्याच धुराच्या वासात मला आई दिसते, हेही खरं. दोन्ही एकदम होतं. मावशीच्या ताटावर रडलेल्या पोरीचं मला कळलं.

*

सुगरणराव, दुपारी 12:10

ताई, वाईट वाटलं. पण प्रामाणिकपणे सांगा, वास येत असेल तर येतोच ना? बाईंचं नाक काय करणार? आमच्या सोसायटीतही भाडेकरू ठेवताना स्वयंपाकाच्या वासाचा विचार करतातच. ह्यात कुणाचा अपमान नाही.

*

शंकासुर, दुपारी 12:45

सुगरणराव, नाक काय करणार याचं उत्तर प्रयोगात आहे, आणि हा प्रयोग चांगला आहे. 2005. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी लोकांना एकच वास हुंगायला दिला. कधी पडद्यावर 'चेडर चीज' लिहिलं, कधी 'अंगाचा वास'. चीजवाल्या पाटीखाली तो वास बरा वाटला, दुसऱ्या पाटीखाली घाण. नुसतं तोंडानं तसं म्हणाले असं नाही, मेंदूतला आवडनिवड सांभाळणारा भागही वेगळा पेटला. पामेला डाल्टन यांच्या 1996 च्या कामात वास निरुपद्रवी होता. ज्यांना तो अपायकारक सांगितला त्यांना तो बसल्या जागी तीव्र वाटत राहिला. ज्यांना चांगला सांगितला त्यांना थोड्या वेळानं जाणवेनासा झाला.

आता पाट्या वाचा. हुरडा पार्टीचा धूर, पाटी 'गावरान'. कोपीतला धूर, पाटी 'ऊसतोड'. सोसायटीतही तेच. बिर्याणी हॉटेलातून मागवली तर जिन्यात लोक विचारतात कुठून मागवली, भाडेकरूच्या घरी शिजली तर मीटिंग लागते. नाक निमित्त असतं हो, भाडेकरू आडनावावरून आधीच ठरलेला असतो.

*

अडत्या, दुपारी 1:02

शंकासुरांना नमस्कार. म्हणजे आमचा खरेदीदार नाक मुरडून पाटीच लावतो म्हणायचं. बालाघाटच्या ताई, त्या बाईंनी तेच केलं. सगळ्या वर्गाला वास 'शिकवला'.

*

बालाघाटची लेक, दुपारी 1:20

मलाही शिकवला.

*

नीटचा उमेदवार, दुपारी 3:15

विषयांतराबद्दल क्षमस्व. अभ्यास करताना एक अत्तर लावायचं आणि पेपरला तेच लावून जायचं, म्हणजे सगळं आठवतं, हे खरं आहे का? सीनियर सांगायलेत.

*

अन्नतंत्र (परभणी), दुपारी 3:40

थोडं खरं आहे. 1990 मध्ये शॅब यांनी चॉकलेटच्या वासात शब्दांची यादी दाखवली. आठवताना तोच वास असेल तर जास्त शब्द आठवले. पण यादी शब्दांची होती, केमिस्ट्रीतल्या आयनिक इक्विलिब्रियमची नाही. आणि शेजारच्या उमेदवाराला त्या अत्तरानं शिंका आल्या तर? त्यापेक्षा झोप घे.

*

मेसवाली मावशी (लातूर), संध्याकाळी 5:30

एवढं लिहिलंत सगळ्यांनी! ताई, तुमचं वाचून मी डबे भरता भरता थांबले. माझ्याकडं ऊसतोडवाल्यांची पोरं आहेत, नीट करायलेत. बघा.

दोन गोष्टी राहिल्या. एक, स्वयंपाकघरात मला स्वतःला वासच कळत नाही. मीठ, हिंग कमी-जास्त झालंय का बघायला बाहेरून आलेल्या डबेवाल्या पोराला बोलवावं लागतं. दुसरं, दिवाळीनंतर पोरं म्हणायला लागतात, "मावशी, चव बदलली." मसाला तोच, हात तोच!

*

अन्नतंत्र (परभणी), संध्याकाळी 6:05

पहिलं: नाक सवयीचा वास काही मिनिटांतच बंद करून टाकतं, नवीन वासासाठी जागा ठेवायला. ते पोरगं बोलावणं अगदी शास्त्रशुद्ध. आमच्याकडं चव तपासणारे लोकही मध्ये मध्ये बाहेर जाऊन येतात.

दुसरं: चव बदलली नाही, पोरं भरून पावलीत. एकच चव वारंवार खाल्ली की तिची गोडी तेवढी उतरते, बाकीच्या पदार्थांची उतरत नाही. म्हणून पोट भरल्यावरही जिलेबीला जागा होते. भाजी बदलून फोडणी तीच ठेवली तर नाकाला ते एकच जेवण वाटतं. आठवड्यातून दोन दिवस फोडणीच बदला. एक दिवस घाण्यावरचं करडईचं तेल घ्या, एक दिवस नुसती जिऱ्या-ओव्याची द्या. आणि वर कारळाची किंवा जवसाची चटणी आलटून पालटून.

*

पुण्यातला निलंगेकर, रात्री 8:20

डॉक्टर, एक घरचा प्रश्न. वडील गावी एकटेच असतात, वय 74. हल्ली जेवणावरची वासनाच उडालीय, भाजीत वरून मीठ घेतात, चहात साखर वाढलीय. परवा गॅसचं बटण चालू राहिलं होतं, शेजारीण आली म्हणून कळलं. त्यांना वास आलाच नाही.

*

नाककानघसा (नांदेड), रात्री 9:10

हे आधी बघा, बाकी गप्पा नंतर. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, तो मुद्दाम मिसळतात. 1937 मध्ये टेक्सासमधल्या एका शाळेत गळती कुणाला कळली नाही, स्फोटात सुमारे 300 जीव गेले, तेव्हापासून तिकडं कायदे झाले. ज्यांचं नाक गेलंय त्यांना मिसळलेला वासही उपयोगाचा नाही. गॅसगळतीचा अलार्म मिळतो तो आधी बसवा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून अलार्म खाली, जमिनीलगत लावा. रात्री रेग्युलेटर बंद करायची सवय शेजारणीकडून लावून घ्या. दूध-भाजीच्या डब्यावर तारीख लिहून ठेवायला सांगा, आंबलेलं त्यांना कळणार नाही. बीपी असेल तर मिठाकडं लक्ष द्या.

वयानं नाक मंदावतं, पण एकदम गेलं असेल किंवा सोबत हात कापणं, चाल मंदावणं असेल तर लगेच दाखवा. पार्किन्सनमध्ये वास कधीकधी कितीतरी आधी जातो. नाकात मांस वाढलं असेल तर ते औषधानं किंवा शस्त्रक्रियेनं सुटतं. बाकी, नाकाचा व्यायाम असतो. गुलाब, नीलगिरी, लिंबू, लवंग, रोज दोन वेळा, प्रत्येक वास काही सेकंद लक्ष देऊन हुंगायचा, निदान 12 आठवडे. सगळ्यांना गुण येत नाही, काहींना येतो. नीलगिरीचं तेल निलंग्यात मेडिकलवर मिळेल. त्यांना कधी घेऊन येताय ते व्यक्तिगत निरोपातून कळवा, सोमवारी माझी ओपीडी असते.